बीपीटीएच पहिलं वर्ष: ॲनाटॉमी-फिजिओलॉजी पाठ करायची की हालचालीतून वाचायची?

पाठकणा:

दरवर्षी प्रवेशफेऱ्या संपल्या की हाच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेला दिसतो, म्हणून एकत्र लिहितो. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या फिजिओथेरपीच्या पदवी अभ्यासक्रमाला (बीपीटीएच) आलेल्यांसाठी मुख्यतः. ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

पहिली चूक म्हणजे एमबीबीएसच्या मित्राची ॲनाटॉमी त्याच्याच क्रमाने वाचायला घेणं. यकृताचे लोब, भ्रूणाचा विकास, पोटातल्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या हे परीक्षेपुरतं बघावंच लागतं. पण आपली भाकरी आहे हात, पाय, पाठीचा कणा, मज्जासंस्था, आणि छाती. पहिल्या तीन महिन्यांतला निम्म्याहून जास्त वेळ या पाचांना द्या.

दुसरी चूक: स्नायूचं 'ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, ॲक्शन' चार रकान्यांत पाठ करणं. चौथा रकाना पाठ करायचा नसतोच, तो पहिल्या दोनांतून काढायचा असतो. स्नायू सांध्याच्या पुढून जातो की मागून, आतून की बाहेरून, एवढं दिसलं की ॲक्शन आपोआप सांगता येते. आणि रकाने खरं तर सहा हवेत: पाचवा 'तपासायचा कसा, आणि तपासताना चोरी कोण करतं' (म्हणजे त्याच्याऐवजी दुसरा कुठला स्नायू काम उरकतो), सहावा 'गेला तर माणूस कसा दिसतो'.

ग्लुटिअस मीडिअस घेऊ. नितंबाचं हाड हातात घ्या. इलियमच्या बाहेरच्या पृष्ठावर ॲन्टिरिअर आणि पोस्टिरिअर ग्लुटिअल लाइन खडूने गिरवा. मधला पट्टा म्हणजे ओरिजिन. दुसऱ्या हातात मांडीचं हाड, ग्रेटर ट्रोकॅन्टरच्या बाहेरच्या बाजूवर खूण. दोन्हीमध्ये सुतळी ताणून धरा. सुतळी हिपच्या बाहेरून जाते, म्हणजे ॲबडक्शन, मांडी बाहेर नेणं. पुढचे तंतू सांध्याच्या पुढून जातात, म्हणून तेच मांडी आत वळवायलाही मदत करतात. नस (नर्व्ह) सुपिरिअर ग्लुटिअल, तिची मज्जारज्जूतली मुळं म्हणजे रूट्स एल४, एल५, एस१.

तपासणी: रुग्ण कुशीवर, खालचा पाय दुमडलेला. वरचा पाय सरळ आणि किंचित मागे. एक हात इलियॅक क्रेस्टवर (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर), दुसऱ्या हाताने गुडघ्याच्या बाहेरून दाब. चोर दोन आहेत. पाय जरा पुढे आला की टेन्सर फॅशिया लाटा काम उरकतो. कंबरच वर खेचली जात असेल तर क्वाड्रेटस लम्बोरम. हात क्रेस्टवर ठेवायचा तो याच दुसऱ्या चोरासाठी.

आणि स्नायू गेला तर? रुग्ण त्या पायावर उभा राहिला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते. हे वाचायला सोपं आणि वायवाला (तोंडी परीक्षेत) चुकायला त्याहून सोपं. उजवा ग्लुटिअस मीडिअस अशक्त असेल तर उजव्या पायावर उभं राहिल्यावर डावी बाजू खाली येते. कारण या स्नायूचं खरं रोजचं काम मांडी बाहेर नेणं नाहीच; एका पायावर असताना धडाचं वजन तोलून धरणं हे आहे. चालताना प्रत्येक पावलाला.

याच गणितातून काठी कुठल्या हातात द्यायची ते निघतं. हिपच्या केंद्रापासून शरीराच्या वजनाची रेषा जेवढी दूर, त्याच्या साधारण निम्म्याहूनही कमी अंतरावर हा स्नायू ओढतो. म्हणून एका पायावर उभं असताना सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. विरुद्ध हातातली काठी सांध्यापासून बरीच लांब असते, त्यामुळे तिच्यावर थोडाच जोर दिला तरी स्नायूचं काम बरंच हलकं होतं. दुखणाऱ्या बाजूलाच काठी धरलेले आजोबा सोसायटीत हमखास दिसतात. त्यांना हा फायदा जवळजवळ मिळतच नाही.

एक स्नायू या पद्धतीने करायला पहिल्यांदा अर्धा तास लागतो. दहाव्या स्नायूपासून दहा मिनिटं.

चिंचोका:

वाचनखूण साठवली. पहिल्याच वर्षाला आहे. हाडं ठीक चालली आहेत, पण ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणारं नसांचं जाळं) काही केल्या डोक्यात राहत नाही. आकृती रात्री येते, सकाळी जाते. आणि सर कुठेही पेन ठेवून 'इथे कापलं तर?' विचारतात, तिथे बोबडी वळते.

खांदेपालट:

सर बरोबर प्रश्न विचारतायत, त्याच प्रश्नापासून अभ्यास सुरू कर.

आकृती काढायचा क्रम ठरवून टाक आणि तो बदलू नकोस. पाच आडव्या रेघा: सी५, सी६, सी७, सी८, टी१. वरच्या दोन जोडल्या, खालच्या दोन जोडल्या, मधली एकटी: तीन ट्रंक. प्रत्येकाला पुढची आणि मागची अशी फांदी: सहा डिव्हिजन. मागच्या तिन्ही एकत्र, तो पोस्टिरिअर कॉर्ड. पुढच्या वरच्या दोन मिळून लॅटरल, खालची एकटी मीडिअल. शेवटी पाच नसा: मस्क्युलोक्युटेनिअस, ॲक्झिलरी, रेडिअल, मीडिअन, अल्नर. दीड मिनिटात कोऱ्या कागदावर आली पाहिजे, न बघता, आठवडाभर रोज एकदा.

पण ही झाली नुसती रेघोटी. त्यावर शरीर चढव. रूट्स स्केलिनस ॲन्टिरिअर आणि मीडिअसच्या फटीत. डिव्हिजन कॉलरबोनच्या मागे. कॉर्ड पेक्टोरॅलिस मायनरच्या मागे, ॲक्झिलरी धमनीच्या दुसऱ्या भागाभोवती. लॅटरल, मीडिअल, पोस्टिरिअर ही नावं त्या धमनीच्या संदर्भाने आहेत. मुलं धमनी काढतच नाहीत आणि मग नावं पाठ करत बसतात.

आता कापायला घे.

वरचा ट्रंक, सी५-सी६. डेल्टॉइड, बायसेप्स, ब्रेकिअॅलिस, इन्फ्रास्पायनॅटस, सुपिनेटर यांची ताकद गेली. म्हणून हात अंगालगत, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे. प्रसूतीत खांदा अडकून मान ताणली गेलेल्या बाळांत हेच दिसतं, एर्ब्ज पाल्सी. इथे एक बारीक पण फार कामाची गोष्ट: लाँग थोरॅसिक आणि डॉर्सल स्कॅप्युलर या नसा थेट रूट्सपासून निघतात, ट्रंक बनायच्या आधी. म्हणजे नुसता वरचा ट्रंक दुखावला असेल तर सेराटस ॲन्टिरिअर आणि ऱ्हॉम्बॉइड चालू असायला हवेत. ते गेले असतील तर इजा रूटवर आहे, आणि भवितव्य वेगळं आहे. आकृती समजून काढल्याचा फायदा हा असा.

रेडिअल नस तीन ठिकाणी काप. काखेत: ट्रायसेप्ससकट सगळं गेलं. कुबडीचा वरचा भाग काखेत रुतवून चालणाऱ्यांत हे होतं. म्हणून कुबडी आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर, कोपर २० ते ३० अंश वाकलेलं, आणि वजन हाताच्या मुठीवर. दुसरी जागा दंडाच्या मागची स्पायरल ग्रूव्ह: ट्रायसेप्सच्या लाँग हेडची आणि मीडिअल हेडची फांदी काखेतच निघून गेलेली असते, म्हणून कोपर बऱ्यापैकी सरळ होतं, पण मनगट लोंबतं. तिसरी जागा कोपराखाली पोस्टिरिअर इंटरॉसिअस: मनगट वर येतं पण अंगठ्याच्या बाजूला झुकून, कारण एक्स्टेन्सर कार्पाय रेडिअॅलिस लाँगसची फांदी आधीच सुटलेली; बोटं मुळाशी सरळ होत नाहीत, आणि त्वचेची संवेदना शाबूत.

मनगट लोंबलेल्या रुग्णाची बोटं तपासताना हमखास फसगत होते. त्याला 'बोटं सरळ करा' म्हटलं की तो शेवटचे दोन पेर सरळ करतो, आणि विद्यार्थी लिहितो 'एक्स्टेन्सर्स चालू'. ते काम लम्ब्रिकल आणि इंटरॉसिआयचं आहे, मीडिअन-अल्नरचं. तू बोटांच्या मुळाचा सांधा बघ, एमसीपी. तिथे रेडिअल नसेवरच्या एक्स्टेन्सर्सशिवाय कोणी नाही.

ह्याच रुग्णाची मूठही ढिली असते, फ्लेक्सर्स पूर्ण ठीक असून. त्याचं मनगट हाताने उचलून २०-३० अंश मागे धर आणि परत मूठ आवळायला सांग: जोर लगेच वाढतो. कॉक-अप स्प्लिंट याच्यासाठीच.

मिलिव्होल्ट:

खांदेपालट, त्या मुठीचं फिजिओलॉजीतलं कारणही इथेच जोडून टाकतो, कारण मुलं सार्कोमिअरचा (स्नायूतंतूतल्या आकुंचन पावणाऱ्या सर्वात लहान घटकाचा) आलेख वेगळ्या वहीत आणि मनगट वेगळ्या वहीत ठेवतात.

ॲक्टिन आणि मायोसिन यांची पकड सार्कोमिअरची लांबी साधारण २ ते २.२ मायक्रोमीटर असताना सर्वात जास्त. स्नायू फार आखडला की तंतू एकमेकांवर चढतात, जोर कमी पडतो. मनगट खाली लोंबलं की बोटांचे फ्लेक्सर्स आधीच आखूड झालेले असतात. आणखी आवळायला जागाच नाही. हीच ॲक्टिव्ह इन्सफिशिअन्सी. पालथं झोपून गुडघा पूर्ण वाकवताना मांडीच्या मागे गोळा येतो तेही तेच: हिप सरळ, गुडघा वाकलेला, हॅमस्ट्रिंग दोन्हीकडून आखूड. बसवून तपासलं की तोच स्नायू जास्त जोर दाखवतो. म्हणून ताकद नोंदवताना नुसता आकडा नव्हे, स्थितीही लिहायची.

पावसाळीढग:

ज्येष्ठांना एक विचारू? सुप्रास्पायनॅटस पहिले १५ अंश हात उचलतो आणि मग डेल्टॉइड, असं आमच्या नोट्समध्ये आहे. सीनिअर म्हणतात हे चूक आहे. परीक्षेत काय लिहायचं?

खांदेपालट:

सीनिअर बरोबर आहेत. दोन्ही स्नायू सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू असतात हे ईएमजीत (स्नायूंच्या विद्युत नोंदीत) दिसतं, आणि सुप्रास्कॅप्युलर नस बधिर केली तरी हात बाजूने उचलता येतो, फक्त जोर कमी. सुप्रास्पायनॅटसचं मोठं काम बॉल खोबणीत दाबून धरणं. डेल्टॉइड एकटा ओढायला लागला तर सुरुवातीला त्याची ओढ वरच्या दिशेने जास्त असते आणि ह्युमरसचं डोकं ॲक्रोमिअनवर जाऊन आदळतं. इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस त्याला खाली खेचून धरतात.

उत्तरपत्रिकेत 'सुरुवातीला मदत करतो, आणि संपूर्ण हालचालीत डोकं स्थिर ठेवतो' असं लिहा. कुठल्याही परीक्षकाला चालतं.

आणि १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या सांध्यात आणि ६० पाठीच्या फऱ्यात, हे २:१ चं प्रमाण सरासरी आहे. पहिल्या ३० अंशांत फरा फारसा हलत नाही, माणसागणिक वेगळं. फ्रोझन शोल्डरच्या रुग्णाला हात उचलायला सांगा आणि मागून बघा: फरा पहिल्या क्षणापासून वर चढतो. पुढून बघणाऱ्याला वाटतं ७०-८० अंश हालचाल आहे. फऱ्याचा खालचा कोपरा अंगठ्याने धरून मोजली की खरी किती ते कळतं.

चिंचोका:

भारी! मिलिव्होल्ट, तुमच्याकडून फिजिओलॉजीचं अजून येऊ द्या. नर्व्ह-मसल हे प्रकरण आम्हाला नुसते आलेख वाटतात. ऋण ७०, धन ३०, संपलं.

मिलिव्होल्ट:

ते आलेख म्हणजेच दुसऱ्या वर्षाची इलेक्ट्रोथेरपी आहे. आत्ता नीट बसले तर पुढे निम्मं काम वाचतं.

नसेच्या पेशीचा विश्रांतीतला विभव साधारण ऋण ७० मिलिव्होल्ट, स्नायूतंतूचा ऋण ९०. बाहेरून करंट दिला की पडदा थ्रेशोल्डपर्यंत न्यायचा असतो, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात: किती तीव्र आणि किती वेळ. वेळ कमी तर तीव्रता जास्त. हा सौदा कागदावर मांडला की स्ट्रेंग्थ-ड्युरेशन कर्व्ह. लांब पल्सला लागणारी किमान तीव्रता ती ऱ्हिओबेस. तिच्या दुप्पट तीव्रतेला लागणारा वेळ तो क्रोनॅक्सी.

नस शाबूत असेल तर क्रोनॅक्सी १ मिलिसेकंदाच्या बरीच आत. नस गेलेल्या स्नायूची १० मिलिसेकंदांच्या वर, कारण आता स्नायूतंतूलाच थेट उठवायचंय आणि तो आळशी आहे. म्हणून निरोगी नसेला फॅरेडिकचा ०.१ ते १ मिलिसेकंदाचा पल्स पुरतो आणि डिनर्व्हेटेड स्नायूला इंटरप्टेड गॅल्व्हॅनिकचा १०० मिलिसेकंद किंवा त्याहून लांब लागतो. फॅरेडिक लावून तीव्रता चढवत नेली आणि काहीच हललं नाही, रुग्ण मात्र ओरडला, तर मशीन बिघडलेलं नाही. स्नायूला लागतो तेवढा वेळच दिलेला नाही. कर्व्हमध्ये मध्येच गुडघ्यासारखा खळगा दिसला तर काही तंतूंना नस आहे, काहींना नाही.

दोन ठिकाणी घाई नडते. एक, इजा झाल्यावर लगेच काढलेला कर्व्ह. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा काही दिवस करंट वाहतच असतो. वॉलेरिअन ऱ्हास पूर्ण व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातला छान कर्व्ह खोटी आशा देतो, दोन-तीन आठवड्यांनी काढावा. दोन, 'नस किती दिवसांत येईल' याचं उत्तर. ॲक्सॉन (नसेचा तंतू) दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. इजेपासून पहिला स्नायू १२ सेंटिमीटरवर असेल तर १२० दिवस, वर सुरुवातीचे काही आठवडे. रुग्णाला 'महिन्यात फरक पडेल' सांगून मोकळं होणारे मग तोंड लपवतात.

अजून एक. आपण स्वतः स्नायू आवळतो तेव्हा आधी लहान, न थकणारे मोटर युनिट जागे होतात, मोठे नंतर. बाहेरून दिलेल्या करंटमध्ये मोठ्या व्यासाचे तंतू आधी उठतात, आणि तेच तेच परत परत. ते लवकर थकतात. म्हणून १० सेकंद चालू आणि ५० सेकंद बंद असं प्रमाण ठेवतात. अशक्त स्नायूला १० चालू १० बंद दिलं की पाचव्या मिनिटाला आकुंचन विरायला लागतं आणि विद्यार्थी तीव्रता वाढवत बसतो.

गावठीकट्टा:

स्पास्टिसिटी आणि आखडलेला स्नायू यांतला फरक कोणी थोडक्यात सांगेल का? दोन्हीकडे हात कडकच लागतो.

मिलिव्होल्ट:

वेग बदलून बघायचा. मसल स्पिन्डल वेगाने ताणलं की आयए तंतूंतून आवेग जातो आणि तोच स्नायू आवळतो. वरून मेंदूचा लगाम सुटला की ही प्रतिक्रिया वाढते. म्हणून स्पास्टिक कोपर झटक्यात उघडलं तर अडतं, सावकाश उघडलं तर बरंच पुढे जातं. आखडलेला स्नायू किंवा सांधा दोन्ही वेगांना एकाच अंशावर अडतो. दोन्ही आकडे गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) मोजून लिहा. पक्षाघाताच्या जुन्या रुग्णात बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं. झटक्याच्या आणि सावकाशच्या आकड्यांतला फरक तो स्पास्टिसिटीचा वाटा.

पाठकणा:

मणक्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं. इथे तीन गोंधळ ठरलेले.

मानेत मणके सात, रूट्स आठ. सी१ ते सी७ रूट आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, सी८ हा सी७ आणि टी१ मणक्यांच्या मधून, आणि तिथून खाली प्रत्येक रूट आपल्या मणक्याच्या खालून. म्हणून सी५-६ ची गादी (मणक्यांमधली डिस्क) सरकली तर सी६ दबतो. कमरेत एल४ रूट एल४-५ च्या फटीतून निघतो खरा, पण गादीच्या पातळीच्या वरूनच सटकतो. मागे-बाजूला सरकलेली एल४-५ ची गादी खाली जाणाऱ्या एल५ ला पकडते. एल५ म्हणजे पायाचा अंगठा वर करणं आणि पावलाच्या वरच्या भागाची संवेदना. घोट्याचा रिफ्लेक्स एस१ चा, तो शाबूत असायला हवा. गुडघ्याचा एल३-४.

दुसरा: मज्जारज्जू साधारण एल१ च्या खालच्या कडेला संपतो. म्हणजे मणका आणि मज्जारज्जूचा सेगमेंट एका पातळीत नसतात, आणि खाली जावं तसं अंतर वाढतं. टी१२-एल१ चा मणका मोडलेल्या रुग्णात सेक्रल सेगमेंट सापडतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. एक्स-रेवर 'एल१ फ्रॅक्चर' वाचून 'मग हिप फ्लेक्शन तपासू' एवढ्यावर थांबणारे हे विसरतात.

तिसरा गोंधळ डर्मॅटोमच्या (एकेका रूटच्या त्वचेवरच्या पट्ट्याच्या) तक्त्यांचा. दोन पुस्तकांत दोन रंगीत चित्रं, सीमा जुळत नाहीत. जुळणारही नाहीत, शेजारचे डर्मॅटोम एकमेकांवर चढलेले असतात. सीमा सोडा, मधले ठिपके धरा: अंगठा सी६, मधलं बोट सी७, करंगळी सी८, स्तनाग्र टी४, बेंबी टी१०, पावलाची बाहेरची कड एस१.

शेवग्याचीशेंग:

+१. हाताने शोधण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. डिसेक्शन हॉलमधला मृतदेह फॉर्मॅलिनने कडक झालेला असतो. तिथे थर आणि नसांचा मार्ग कळतो, स्पर्श कळत नाही. स्पर्शासाठी वर्गातला जोडीदार. परवानगी विचारून, लागेल तेवढाच भाग उघडा करून, आणि त्वचेवर लिहायची पेन्सिल घेऊन.

अंगठ्याने खुपसू नका. बोटांची पेरं सपाट ठेवा, आणि समोरच्याला हलका जोर लावायला सांगा. आवळलेला स्नायू स्वतःहून बोटाखाली येतो. गुडघ्याची मागची बाजू सरावाला उत्तम. जोडीदार पालथा, गुडघा ९० अंश, टाचेला विरोध द्या. आतल्या बाजूला दोरीसारखा ताणलेला तो सेमिटेन्डिनोसस. बाहेरच्या बाजूला जाड, तो बायसेप्स फिमोरिस. त्याच्यावरून बोट खाली नेलं की फिब्युलाच्या डोक्यावर पोचता. डोक्याच्या खाली, मानेला वळसा घालून कॉमन पेरोनिअल नस जाते. बोट हलकेच आडवं फिरवा, दोरा निसटल्यासारखा जाणवतो. जोरात दाबलं तर पावलाच्या वरपर्यंत मुंग्या येतात, तेव्हा बेताने.

ही जागा आयुष्यभर लक्षात ठेवायची आहे. प्लास्टर तिथे घट्ट बसलं, किंवा बेशुद्ध रुग्णाचा पाय बाहेर वळून कॉटच्या दांडीवर टेकून राहिला, तर पाऊल लोंबतं. खुरपणीला तासन् तास उकिडवं बसणाऱ्यांतही हे होतं. पाऊल लोंबलेलं दिसलं की घोटा आत वळवायला सांगा: जोर चांगला असेल तर इजा पेरोनिअलची, कारण टिबिअॅलिस पोस्टिरिअर टिबिअल नसेवर आहे. आत वळवणंही गेलं असेल तर एल५ रूटकडे बघा.

पाठीवरच्या खुणा: मान वाकवल्यावर सर्वात वर येणारा बहुधा सी७. फऱ्याच्या काट्याचं आतलं टोक टी३, खालचा कोपरा टी७. हे हात अंगालगत असतानाच. हात पुढे घेतले की फरा सरकतो आणि मोजणी एका मणक्याने चुकते. इलियॅक क्रेस्टच्या वरच्या टोकांना जोडणारी रेघ एल४ च्या आसपास. कमरेखालच्या दोन खळ्या एस२.

पावसाळीढग:

आणि गुडघ्याची रेंज १३५ पर्यंत असं पाठ केलंय, पण एवढी लागते कुठे?

शेवग्याचीशेंग:

चालायला साधारण ६० ते ६५ अंश, जिने ८० ते १००, खुर्चीतून उठायला ९० च्या वर. पुस्तकं बहुतेक इथेच थांबतात, कारण ती खुर्चीत बसणाऱ्यांच्या देशांत लिहिली गेली. आपला रुग्ण विचारतो मांडी घालता येईल का, शौचाला उकिडवं बसता येईल का. उकिडवं बसायला १३० च्या पुढे गुडघा, सोबत घोट्याचं भरपूर डॉर्सिफ्लेक्शन (पाऊल वर वाकणं). नाहीतर टाचा उचलल्या जातात. मांडी घालायला गुडघ्याइतकंच हिपचं बाहेर वळणं लागतं. मांडी जमत नाही म्हणून नुसता गुडघाच दामटत बसू नका, हिप मोजा. आणि मोजताना गोनिओमीटरचा मध्य लॅटरल एपिकॉन्डाइलवर, एक दांडी ग्रेटर ट्रोकॅन्टरकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. दांडी डोळ्याने 'साधारण मांडीच्या रेषेत' धरली की पाच-दहा अंश कुठेही जातात.

हवाहवाई:

छाती राहिली की हो सगळ्यांची! कार्डिओ-रेस्पिरेटरी हा विषय 'नंतर बघू' म्हणून ढकलला जातो आणि आयसीयू पोस्टिंगला घाम फुटतो.

आकडे थोडेच, पण अर्थासकट. टायडल व्हॉल्यूम ५०० मिली. साध्या उच्छ्वासानंतर फुप्फुसात उरते ती एफआरसी, साधारण २३०० मिली. माणूस आडवा झाला की ती घटते, कारण पोट डायफ्रॅमला वर ढकलतं. पोटाच्या ऑपरेशननंतर आणखी घटते, खालचे भाग मिटायला लागतात. रुग्णाला बसता-उभं करणं हा म्हणूनच छातीचा पहिला उपचार आहे, स्पायरोमीटरचे चेंडू उडवणं नंतर.

उभं करतानाच फिजिओलॉजीचा दुसरा धडा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत सिस्टोलिक २० किंवा डायस्टोलिक १० ने पडलं तर ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन. पायांचे स्नायू लुळे असले की रक्त वर ढकलणारा पंप बंद, म्हणून पॅराप्लेजिकला टिल्ट टेबलवर ३० अंशांपासून सुरुवात, थोडं थोडं वर, दर टप्प्याला बीपी. जांभया, फिकट ओठ, 'अंधारी येते' यांपैकी काहीही झालं की टेबल खाली.

याच्या उलटा प्रकार मज्जारज्जूच्या टी६ किंवा त्याच्या वरच्या इजेत: अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल, घाम, बीपी चढलेलं. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. इथे रुग्णाला आडवं करायचं नाही, बसवायचं, पट्टा-कपडे सैल करायचे आणि आधी कॅथेटरची नळी दुमडली आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा मूत्राशय तुंबलेलं असतं. बोलावणं पाठवायचं ते हे करता करताच.

व्यायामाचा वेग: वय ५०, विश्रांतीची नाडी ७०. कमाल २२० वजा ५० म्हणजे १७०, त्यातून ७० वजा केले की राखीव १००. त्याचे ४० ते ६० टक्के धरून ७० मिळवले तर ११० ते १३०. पण बीटा-ब्लॉकरवरच्या (नाडी मंदावणाऱ्या औषधावरच्या) रुग्णाची नाडी तिथे पोचणारच नाही. तिच्या मागे लागून त्याला पळवू नका. तिथे बोर्गची ६ ते २० ची मोजपट्टी (रुग्णाला स्वतःला किती श्रम वाटतात त्याची), ११ ते १३ पुरे. फाइल उघडल्यावर औषधांचा कागद आधी.

बोटांचीखूण:

ओटीवाली (ऑक्युपेशनल थेरपीची) म्हणून भर घालते. आपल्याकडे १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं तेव्हापासून ॲनाटॉमीचा पाया फिजिओसारखाच, पण हाताला आम्ही जास्त वेळ देतो. फिजिओवाल्यांनीही द्यावा असं माझं ठाम मत.

कार्पल टनेलमध्ये दहा गोष्टी: वरच्या फ्लेक्सरच्या चार दोऱ्या, खोलच्या चार, अंगठ्याची एक, आणि मीडिअन नस. तळव्याच्या अंगठ्याकडच्या उशीची त्वचा मात्र बधिर होत नाही, कारण तिची फांदी टनेलच्या आधी सुटून वरून जाते. ती उशीही बधिर असेल तर दुखणं मनगटाच्या वर शोधा.

अल्नरचं कोडंही वायवाला ठरलेलं: नस मनगटाशी कापली तर पंजा जास्त वाकडा, कोपराशी कापली तर कमी. कारण कोपराशी कापल्यावर अनामिका-करंगळीचा खोल फ्लेक्सरही जातो, मग शेवटची पेरं ओढायला कोणी उरत नाही. म्हणून वरची इजा भरून येताना पंजा आधी बिघडल्यासारखा दिसतो. रुग्णाला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तो उपचार सोडून जातो.

चिंचोका:

सगळ्यांना धन्यवाद, वही भरली. शेवटचा आणि अगदी बाळबोध प्रश्न: सोमवारी हाडांची वायवा. बाकी बाजू ओळखता येतात, पण फिब्युला डावा की उजवा यात दर वेळी अडखळतो.

शेवग्याचीशेंग:

सगळेच अडखळतात. आधी खालचं टोक ठरव: चपटं आणि टोकदार ते खाली, गोलसर डोकं वर. खालच्या टोकाला आतल्या अंगाला त्रिकोणी गुळगुळीत पृष्ठ आहे, टेलसला टेकणारं. त्याच्या लगेच मागे खोलगट खड्डा, मॅलिओलर फॉसा. गुळगुळीत पृष्ठ आत आणि खड्डा मागे ठेवलास की हाड आपली बाजू सांगतं. बोलताना आधी हाड ॲनाटॉमिकल पोझिशनमध्ये स्वतःच्या पायाशेजारी धर, मग तोंड उघड. आणि दाखवायला बोट नको, फोर्सेप्सचं टोक वापर; बोटाखाली एकाच वेळी तीन खुणा झाकल्या जातात आणि परीक्षक नेमकी चौथी विचारतात.